एकदा लिही, कायम वापर

४ मे, संध्याकाळ
माझं आयुष्य आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी बदललं. ठिकाण: जयपूर, झालाना भाग, स्वानंदीच्या ऑफिसखालची चहाची टपरी. ती प्लास्टिकच्या स्टुलावर, मी उभा, वर झाडात माकड. चहा संपवून ती म्हणाली, निलय, तेच तेच मला दर वेळी नव्याने लिहावं लागतं रे. एकदाच लिहून कायमचं ठेवता येईल असं काही करशील का?
कायमचं. हा शब्द तिने वापरला, मी नाही.
विषय रेग्युलर एक्स्प्रेशनचा होता, हे मान्य. पण मनातलं कोण थेट बोलतं?

५ मे
नीट लिहून ठेवतो. पुढे मुलाखतींत विचारतील.
स्वानंदीची संस्था जयपूरच्या आसपासच्या गावांतल्या विहिरी आणि बावड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, नोंद करते. सर्वेक्षक गावात जातात, दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतात आणि मोबाइलवरून एका ओळीत माहिती धाडतात. कोणी तारीख 12/3 लिहितो, कोणी बारह मार्च. कोणी खोली फुटात देतो, कोणी हातात. काही जण नुसतं गुड मॉर्निंग आणि गुलाबाचं फूल. अशा हजारो ओळींची एक फाइल आहे. ती स्वानंदीने जूनच्या पहिल्या आठवड्यात साफ करून द्यायची.
साहेबांना पसंत पडली तर तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार. नाही पडली तर ती जयपूर सोडणार. कारण रंगनाथकाकांची, म्हणजे तिच्या बाबांची, देवळालीला बदली झालीये. आर्मीचं क्वार्टर जूनअखेर रिकामं करायचं. नोकरी असेल तर मुलगी इथे राहील, नसेल तर सामानाच्या ट्रकच्या आधी ट्रेनने देवळाली. काकांनी घरात तशी ऑर्डरच काढलीये.
थोडक्यात, फाइल साफ झाली तर स्वानंदी इथे. स्वानंदी इथे तर मी जिवंत.

६ मे
आईने विचारलं, दिवसभर काय खटखट करतोस? तिला समजेल असं सांगितलं. मजकूर म्हणजे पीठ. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे सोऱ्यातली चकती. चांदणीची घातली तर चकली पडते, बारीक भोकांची घातली तर शेव. "तारीख शोध", "फोन नंबर शोध", सगळ्यांच्या वेगळ्या चकत्या. लोक मूर्ख आहेत, दर वेळी नवी चकती कापत बसतात. मी असं टूल बनवतोय की चकतीला एकदा नाव द्यायचं, डब्यात ठेवायची आणि हवी तेव्हा नावाने मागवायची. काळ्या स्क्रीनवर, एका कमांडमध्ये, माउसला हात न लावता.
आई म्हणाली, आपल्या चकत्या डब्यातच असतात की रे. मग म्हणाली, पण पीठ कोण भिजवणार?
बाबा बँकेत निघता निघता बुटांची नाडी बांधत म्हणाले, चिरंजीवांनी इंजिनिअरिंगची चकली अर्धी पाडून सोडलीये, तेवढी आधी पूर्ण करा म्हणावं, कॉलेजात परत घेतायत, फॉर्मची शेवटची तारीख पंचवीस मे.
या घरात व्हिजन नाही.

८ मे
टूलचं नाव ठरलं: साचा. घोषवाक्य: एकदा लिही, कायम वापर.
ऑफिसही मिळालं. झोटवाड्यात प्रसन्नच्या काकांचं लोखंड कातायच्या लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्या वरची खोली. प्रसन्न माझा कॉलेजातला मित्र. तो अजून कॉलेजात आहे, बिचारा. खोलीत पंखा आहे. खाली लेथ सुरू झालं की टेबल थरथरतं आणि कर्सर नाचतो. सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच खोल्यांतून सुरू झाल्या.
संकल्प: रोज दहा तास काम. राग बंद.

११ मे
राग दोनच दिवस बंद राहिला. चूक प्रसन्नची.
तो म्हणाला, मजकूर शोधणारी ग्रेप नावाची कमांड आहे ना, तिला हायफन एफ लावून पॅटर्नची अख्खी फाइल देता येते, आपण जन्मायच्या आधीपासून. मी शांतपणे विचारलं, त्यात चकतीला नाव देता येतं? नाही म्हणाला. एका चकतीत दुसरी बसवता येते? नाही म्हणाला, पण स्वानंदीला एवढं लागणारच आहे का? त्यावर मी बोललो ते बोललो. खाली काकांनी लेथ थांबवून ऐकलं.
आता आमचं बोलणं बंद. खोली मात्र वापरतोय. तत्त्व वेगळं, खोली वेगळी.

१५ मे
पहिला डेमो, तिच्या ऑफिसात. "तारीख" मागवली, सगळ्या तारखा एका रांगेत आल्या. "खोली" मागवली, हातांचे फूट झाले. "कचरा" या चकतीत मी गुड मॉर्निंग, गुलाब, ओके, टेस्ट आणि रिकाम्या ओळी टाकल्यात. "साफ" अशी कमांड दिली की कचऱ्याशी जुळणारी प्रत्येक ओळ फाइलमधून जाते. स्वानंदी खुर्चीत पुढे सरकून बघत होती. म्हणाली, अरे, हे खरंच कामाचं आहे. "खरंच" वर जोर होता.
आणखी एक करामत केलीये. चकत्यांचा डबा एकच, झोटवाड्याच्या माझ्या कंप्युटरवर. तिचा लॅपटॉप तिथूनच चकत्या उचलतो. मी इथे बदललं की तिकडे आपोआप बदललं. तिला काही करायची गरज नाही. दोघांत एक डबा. याहून जवळचं नातं टेक्नॉलॉजीत नाही.
तिने विचारलं, मूळ फाइलची कॉपी ठेवतो ना हा? मी म्हटलं, कॉपी ठेवणं म्हणजे आत्मविश्वास नसणं.
तिथे अभिनव नावाचा सर्वेक्षक होता. फागीकडची गावं त्याच्याकडे. उन्हाने रापलेला, खांद्यावर दोरीचं वेटोळं. निलयजी, बढ़िया चीज़ बनाई है आपने, असं म्हणाला. वयाने मोठा असून मला जी. यात काहीतरी आहे.

१७ मे
स्वानंदीबरोबर चहा. अभिनवही होता, पण त्याला मी धरत नाही.
ती म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट वाढलं की आम्हाला इथेच घर बघायचंय, वैशाली नगरकडे. आम्हाला! एवढं स्पष्ट बोलेल असं वाटलं नव्हतं. अभिनव मान खाली घालून चहात बिस्किट बुडवत होता. त्याचं तुटून पडलं. मला जरा दया आली.
येताना वैशाली नगरातल्या गल्ल्यांतले टू-लेटचे बोर्ड बघितले. आमच्या घरापासून दोन गल्ल्या तरी लांब हवं. आई रोज भाजी पाठवेल.

२२ मे, दुपार
तिच्या फाइलचा सुरुवातीचा तुकडा नमुना म्हणून घेतलाय, त्यावर साचा पळवून बघतोय. दर तिसऱ्या ओळीला अभिनव. सर्वेक्षक: अभिनव. सर्वेक्षक: अभिनव. स्क्रीन खाली सरकवली, अभिनव. वर सरकवली, अभिनव. या माणसाला घरदार नाही का? इतक्या विहिरींत कोण डोकावतं?
त्यात तिला फोन केला तर म्हणाली, नंतर बोलू, अभिनवने प्याज कचोरी आणलीये, गार होईल.

२२ मे, थोड्या वेळाने
"कचरा" चकती उघडली. गुड मॉर्निंग, गुलाब, ओके, टेस्ट. त्याच्यापुढे अभिनव टाकला. साठवलं. साफ केलं, माझ्याकडच्या नमुना फाइलवर. स्क्रीनवर एक अभिनव उरला नाही.
मन कसं शांत झालं. आई देवासमोर बसून उठते तेव्हा तिला असंच वाटत असणार.
उद्याची कामं: कचऱ्यातून अभिनव काढणे, केस कापणे, रंगनाथकाकांसमोर काय बोलायचं ते ठरवणे.

२३ मे
केस कापले.

२५ मे
बाबा आज बोलले ते लिहिणार नाही. मी बोललो तेही नाही. फॉर्म भरला नाही एवढं खरं. बाबा म्हणाले, तुला राग येतो तेव्हा तू पुढचं-मागचं काही बघत नाहीस, आणि नंतर विसरून जातोस, निस्तरायला मागे दुसरे. मी म्हटलं, एक उदाहरण द्या. ते पाणी प्यायला आत गेले. उदाहरण नव्हतंच त्यांच्याकडे.
दार आपटून झोटवाड्याला. ऑटोवाला म्हणाला, भैया, ग़ुस्सा उतारके बैठो, सीट नई है.

३० मे
काकांसमोरचं भाषण तयार. सुरुवात: "काका, देशाच्या सीमा तुम्ही सांभाळल्यात." मग साच्याकडे वळायचं. वळण अजून सापडलेलं नाही.

३ जून
आजचा दिवस.
स्वानंदीने ऑफिसातून फोन केला. पूर्ण फाइल आज देणार होती. मी फोनवर, ती लॅपटॉपवर. तारीख लावली. खोली लावली. मग साफ. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात हजारो ओळी लख्ख. तिला हाताने आठवडे लागले असते.
साचा शेवटी हिशोब छापतो: कुठल्या चकतीने किती ओळी काढल्या. ती म्हणाली, निलय, कचऱ्याचा आकडा फार मोठा दिसतोय रे. इतके गुड मॉर्निंग?
मी दुखावलो. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर सांग. ग्रेप वापर. प्रसन्नला बोलाव. ती म्हणाली, बरं बाबा, आहे विश्वास. आणि फाइल साहेबांना पाठवली.
आहे विश्वास. हे वाक्य इथे पुन्हा लिहितो. आहे विश्वास.
घरी जाताना पेढ्यांऐवजी मिश्री मावा घेतला. आईने विचारलं, कशाचा? म्हटलं, कळेल.

५ जून
आज फाइलवर मीटिंग. दिल्लीचे लोक आलेत. निकाल संध्याकाळी. निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

५ जून, संध्याकाळ
फोन नाही. मीटिंग लांबली असणार. कौतुकाला वेळ लागतो.

६ जून, सकाळ
फोन आला.
मीटिंगमध्ये भिंतीवर नकाशा लावला होता, विहिरींचे निळे ठिपके. फागी तहसील कोरी. एक ठिपका नाही. दिल्लीच्या बाईंनी विचारलं, यहाँ पानी है ही नहीं क्या? साहेबांनी स्वानंदीकडे बघितलं. स्वानंदीने फाइलकडे बघितलं.
मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपचा काहीतरी प्रॉब्लेम असेल.
ती म्हणाली, मी "कचरा" उघडून बघितलं.
तिच्या मागे प्रिंटरचा आवाज येत होता. ती ओरडली असती तर मला ओरडता आलं असतं.

६ जून, दुपार
विचार केला. टेक्निकली साच्यात एकही बग नाही. सांगितलं ते त्याने केलं. एका जागी बदललं, सगळीकडे बदललं. घोषवाक्याप्रमाणेच.
हे तिला मेसेज करून कळवलं. दोन निळ्या टिक आल्या. उत्तर नाही.

६ जून, अजून दुपारच
तो मेसेज पाठवायला नको होता.

७ जून
मूळ फाइल कुठे कुठे असेल ते शोधतोय. तिच्या लॅपटॉपवर नाही, "साफ" तीच फाइल खोडून परत लिहितो. तसं मीच केलंय. माझा नमुना फक्त सुरुवातीचा तुकडा, त्यातलेही अभिनव मी बावीस मेला उडवलेत. डिलीट झालेलं परत आणणारी तीन सॉफ्टवेअर लावून बघितली. एका सॉफ्टवेअरने माझ्या बारावीच्या ट्रिपचे फोटो परत आणले.
संकल्प: रडायचं नाही.

७ जून, नंतर
संकल्प मोडला. लेथ सुरू होतं म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.
प्रसन्न वर आला. बोलणं बंद असूनही. माझ्या टेबलावर ताकाची पिशवी ठेवली आणि म्हणाला, तुझी चकती मी वाचली, डब्याचा पासवर्ड तू भिंतीवरच लिहून ठेवलायस. मग म्हणाला, साल्या, अभिनव नावाच्या शाळेजवळच्या विहिरी पण गेल्या असतील, त्या दुसऱ्या सर्वेक्षकाच्या होत्या. मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, खोली माझी आहे. मग बसूनच राहिला.

९ जून
झालान्याला गेलो. तिच्या ऑफिसखालच्या टपरीवर. माफी मागायची ठरवली होती, तोंडातून निघालं, तू त्याच्या कचोरीसाठी माझा फोन ठेवला होतास.
स्वानंदीने कप खाली ठेवला. म्हणाली, निलय, अभिनवचं आणि माझं मी तुला दोनदा सांगितलंय. एकदा गेल्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तू आईला सोडायला आला होतास तेव्हा, आणि एकदा इथे, या स्टुलावर, घराबद्दल. तू दोन्ही वेळा मला चकतीत चकती कशी बसते ते सांगायला लागलास. मला वाटलं, कळलं असेल तुला, म्हणून विषय बदलतोयस.
मी म्हटलं, कळलं होतं.
खोटं. खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. कळलं नव्हतं.
मग ती म्हणाली, मला तुझा राग नाही आलाय असं नाही, आलाय. साहेबांना मी सांगितलंय की फाइल मी न तपासता दिली. तुझं नाव घेतलं नाही, कारण आकडा बघून मला शंका आली होती आणि मी गप्प बसले. बाबांनी माझ्या पुस्तकांची खोकी बांधायला घेतलीत.
मी विचारलं, का गप्प बसलीस? मतलब, दामटून विचारायला हवं होतंस मला.
ती म्हणाली, तू दुखावला असतास.
येताना बस चुकीची घेतली. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. कंडक्टरने पुन्हा तिकीट फाडलं, माझ्याकडे बघितलं नाही.

१० जून
"कचरा" चकतीतून अभिनव काढला. आता काढून काय.

१२ जून
अभिनवचा फोन. नंबर बघून कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा आईने उचलला आणि त्याच्याशी हिंदीत गप्पा मारत बसली, बेटा तुम्हारे फागी में टिंडे कैसे हैं वगैरे भाजीपाल्याचं. मग फोन माझ्या कानाला लावला.
तो म्हणाला, निलयजी, टेंशन मत लो. त्याच्या बऱ्याच नोंदी जुन्या मेसेजमध्ये सापडल्यात. शाळेजवळच्याही ज्याच्या त्याच्याकडे मिळाल्या. मात्र शेवटच्या काही गावांच्या त्याने ऑफिसात बसून थेट फाइलमध्ये भरल्या होत्या. त्या गेल्या. साहेबांनी जून संपायच्या आत पूर्ण फाइल मागितलीये, ती आली तरच स्वानंदीच्या कॉन्ट्रॅक्टवर बोलू म्हणाले. म्हणजे त्या विहिरी परत मोजायच्या. एकाने दोरी धरायची, एकाने वाकून बघायचं. दुसरा माणूस सुट्टीवर आहे. स्वानंदी म्हणाली, निलयला विचार.
मी विचारलं, तिने माझंच नाव का घेतलं? म्हणाला, उसने कहा, उसके पास टाइम है.
मग थोडं थांबून म्हणाला, वैसे भाई, कचरे में गुलाब के साथ रखा आपने मुझे, उतना बुरा नहीं लगा.
त्याला हसू आलं होतं. मला राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही.

१३ जून
नाही जाणार. स्वाभिमान नावाची गोष्ट असते.
शिवाय ऊन. शिवाय माझं काम डोक्याचं आहे.

१३ जून, संध्याकाळ
सगळं मांडून बघितलं. विहिरी मोजल्या आणि फाइल वेळेत गेली, तर स्वानंदी जयपुरात राहील. राहील ती अभिनवसाठी. दोघं वैशाली नगरात घर बघतील, मी त्या गल्लीतून जाणं बंद करीन. नाही मोजल्या तर ती देवळालीला जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल.
तिसरी शक्यता शोधतोय. जेवायला तीनदा हाक मारली आईने.

१४ जून
तिसरी शक्यता नाही.
अभिनवला मेसेज केला: येतो. त्याचं उत्तर: सुबह पाँच बजे. जूते पहनना, चप्पल नहीं. टोपी लाना.
बाबांनी आपली बँकेच्या पिकनिकची टोपी काढून दिली. मी म्हटलं, उदाहरण सापडलं असेल तुम्हाला. ते म्हणाले, कसलं उदाहरण? खरंच आठवत नव्हतं त्यांना.

१५ जून, पहाटे
आई आधीच उठलेली. थालीपीठं बांधलीत, दोन वेगळ्या डब्यांत. मी म्हटलं, मला एवढी नको. म्हणाली, एक त्याचा आहे, त्याला कांदा चालतो ना?
मला माहीत नाही. मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, नाव सोडून.
संकल्प: दोरी नीट धरणे. आकडा दोनदा बघणे. तो काही म्हणाला तर एकदा तरी ऐकून घेणे. तिच्याबद्दल न बोलणे. तो बोललाच तर विहिरीत बघणे.
खाली हॉर्न वाजला. एकदाच, हळू, सोसायटीची झोप मोडू नये म्हणून. स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीचं वेटोळं आहे, गॅलरीतून दिसतंय. ते मांडीवर घेऊन बसावं लागणार, फागीपर्यंत, त्याच्या पाठीकडे बघत.
बूट घातले. टोपी घातली. दोन्ही डबे उचलले. बाहेर पडतो, आणि दार हाताने धरून, आवाज न करता लावून घेतो.